मुंबई बघायला निघालात? खान्देशातून जाणाऱ्यांनो, या चुका टाळा

सुट्ट्या लागल्या की आपल्याकडून जळगाव, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव कुठूनही बघा, मुंबईला जाणाऱ्यांची गर्दी सुरू होते. कोणाचा साडू डोंबिवलीला, कोणाचा भाचा बदलापूरला, मुक्कामाचं टेन्शन नाही. आणि परत आल्यावर विचारलं काय काय बघितलं, तर उत्तर ठरलेलं, "काय बघणार भो, लोकलमध्येच दिवस गेला." मुंबईत बघायला भरपूर आहे, पण आपली लोकं पॉइंट मोजत फिरतात आणि तिथेच सगळा प्लॅन बोंबलतो.

एका दिवसात अख्खी मुंबई

सगळ्यात मोठी चूक हीच. सकाळी सिद्धिविनायक, मग हाजी अली, मग गेटवे, दुपारी राणीबाग, संध्याकाळी जुहू, आणि वेळ उरला तर नॅशनल पार्क. अरे भाऊ, मुंबई लांबच लांब आहे, दक्षिणेला कुलाबा आणि उत्तरेला बोरिवली, मधे तीसेक किलोमीटरच्या वर अंतर. एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेलात की अर्धा दिवस संपला, आणि सोबत आईवडील, लेकरं असली की पाणी, चहा, बाथरूम धरून अजून दोन तास.

एक दिवस एक बाजू, बस. पहिल्यांदा जात असाल तर फोर्टची बाजू घ्या, कारण तिथे पायी फिरता येतं. सीएसएमटीला उतरलात की बाहेर या, रस्ता क्रॉस करा आणि मागे वळून स्टेशनची बिल्डिंग बघा. आपण गाडीतून उतरून तसेच टॅक्सीकडे पळतो, पण ती फ्रेडरिक स्टीव्हन्सने डिझाईन केलेली आहे आणि २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. दगडात कोरलेले मोर, माकडं, पानं, नीट बघायला दहा मिनिटं तरी लागतात. तिथून हुतात्मा चौक, पुढे काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी, बाजूलाच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि शेवटी गेटवे. सगळं मिळून चालणं अडीच-तीन किलोमीटर, आपण सप्तशृंगीला पायी जाणारी माणसं आहोत.

गेटवे आणि हे म्युझियम दोन्ही जॉर्ज विटेटने डिझाईन केलेले. गेटवे १९२४ ला सुरू झाला, म्युझियम लोकांसाठी १९२२ ला उघडलं. म्युझियमला अर्धा तास देऊन बाहेर येऊ नका, दोन-अडीच तास ठेवा. जहांगीरला तर तिकीटच नाही, ११ ते ७ कधीही आत जा, चित्रं बघा, कोणी काही विचारत नाही. "आपल्याला चित्रातलं काय कळतं" म्हणून लोकं दारातूनच फोटो काढून पुढे जातात, पण ज्यांच्या चाळीसगावात केकी मूससारखा माणूस सहसा घराबाहेर न पडता वर्षानुवर्षं फोटो आणि कला करत बसला होता, त्यांनी तरी असं म्हणू नये.

वार न बघता निघणं

अजिंठा सोमवारी बंद असतो हे आपल्याकडे पोरासोरांना पाठ आहे, पाहुण्यांना आपणच सांगतो. पण हीच लोकं सोमवारी गेटवेला जाऊन एलिफंटाची बोट शोधत बसतात. एलिफंटा म्हणजे घारापुरी सोमवारी बंद. बोरिवलीचं नॅशनल पार्क आणि आतल्या कान्हेरी लेण्या सोमवारी बंद. वरळीचं नेहरू तारांगण आणि पेडर रोडचं सिनेमाचं म्युझियम, तेही सोमवारी बंद. राणीबाग मात्र बुधवारी बंद असते आणि तिच्या दारातलं भाऊ दाजी लाड म्युझियमपण बुधवारीच. म्हणजे रविवारला जोडून सोमवारची रजा टाकली की नेमका तोच दिवस हुकतो. शक्यतो गुरुवार-शुक्रवार-शनिवार बघा.

आणि सोमवारीच पोहोचलात तर? घाबरायचं नाही. फोर्टचा वर सांगितलेला पायी रस्ता सोमवारीही चालतो, तिथलं मोठं म्युझियम सोमवारी उघडं असतं, मरीन ड्राईव्हला कोणी कुलूप लावत नाही. राणीबाग पण सोमवारी चालू. तिथे पेंग्विन बघायला सगळे पळतात, पण भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर एक मोठा दगडी हत्ती आहे तो कोणी बघत नाही. घारापुरीला पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव दिलं ते ज्या हत्तीवरून, तोच हा. आणि काळा घोडा हे नाव ज्या पुतळ्यामुळे पडलं तो जुना पुतळाही राणीबागेतच आणून ठेवलाय, काळा घोडा चौकात आता आहे तो २०१७ ला बसवलेला नवीन घोडा, त्याच्यावर स्वार नाही.

एलिफंटाबद्दल अजून एक. "लेण्या काय बघायच्या, आपल्याकडे अजिंठा आहे" असं म्हणून ते कट करू नका. अजिंठ्याला बौद्ध लेणी आणि रंगवलेल्या भिंती, इथे सगळं शिवाचं आणि दगडातलं, ती तीन तोंडांची मूर्तीच जवळपास २० फूट उंच आहे. बोटीला एका बाजूने तासभर लागतो, उतरल्यावर छोटी गाडी, मग शंभराच्या वर पायऱ्या, दोन्ही बाजूला दुकानं आणि माकडं. हातात केळी-चिप्स उघडी धरली की गेलीच समजा. सकाळी ९-१० ची बोट पकडा, दुपारी पोहोचलात तर वर दमून जाल आणि परतीच्या बोटीची घाई सुरू होईल. लाईफ जॅकेट दिलं की घाला, फोटोसाठी काढू नका. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद ठेवतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर एलिफंटावर प्लॅन फिक्स करूच नका.

कुठे उतरायचं तेच माहीत नसणं

भुसावळ-जळगाववरून जाणाऱ्या बऱ्याच गाड्या सीएसएमटीला न जाता लोकमान्य टिळक टर्मिनसला संपतात. ते कुर्ल्याच्या लोकल स्टेशनपासून वेगळं आहे, सामान घेऊन पायी जायला जमत नाही. तिकीट काढताना शेवटचं स्टेशन बघा, शक्यतो दादर किंवा सीएसएमटीची गाडी घ्या. नंदुरबार-अमळनेरवाले खान्देश एक्सप्रेसने सुरतवरून जातात, म्हणजे वेस्टर्न लाईनने, त्यांनी पहिला दिवस वेस्टर्नच्या बाजूचाच ठेवावा, नॅशनल पार्क-कान्हेरी, मग संध्याकाळी जुहू. उगाच उतरल्या उतरल्या गेटवे गाठायला जाऊ नका.

डोंबिवली-कल्याणला मुक्काम असेल तर सकाळी ८-९ च्या फास्ट लोकलने मुंबईकडे निघायचं डोक्यातून काढून टाका. एकतर ७ च्या आत निघा नाहीतर ११ नंतर. परत येताना ५ ते ९ टाळा. रविवारी गर्दी कमी, पण मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही लोकल बंद, साधारण ११ ते ४, शनिवारीच कुठल्या लाईनला आहे ते बघून ठेवा. ब्लॉकमध्ये अडकलातच तर स्टेशनवर बसून राहू नका, मेट्रो बघा. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झालीये, दादर, सिद्धिविनायक, सीएसएमटी, हुतात्मा चौक अशी सगळी कामाची स्टेशनं तिच्यावर आहेत आणि एसी आहे.

रिक्षाचं पण सांगतो. बांद्रा आणि सायनच्या पुढे दक्षिणेला रिक्षा चालतच नाही, तिकडे काळीपिवळी टॅक्सी नाहीतर बेस्टची बस. सी लिंकवरून रिक्षा आणि टू व्हीलर दोन्हीला बंदी. आपल्यासारखं सीटमागे पैसे देऊन बसायचं सगळीकडे नसतं, मीटर असतं, फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं कमीत कमी भाडं २६ आणि टॅक्सीचं ३१ रुपये.

जुन्या आठवणींवर प्लॅन

मामाने नव्वदच्या दशकात एस्सेल वर्ल्ड बघितलेलं, म्हणून पोरांना तिथेच न्यायचं. ते बंद झालंय, बाजूचं वॉटर किंगडम वेगळं. जुनी लाल डबल डेकर सप्टेंबर २०२३ ला निवृत्त झाली, आता इलेक्ट्रिक एसीवाली दिसते. इमॅजिका मुंबईत नाही, खोपोलीजवळ आहे, त्याला वेगळा दिवस लागतो. आणि फिल्मसिटीत गेटवरून आत शिरून शूटिंग बघता येतं असं कोणी सांगितलं तर हसा आणि सोडून द्या.

हाजी अलीला जाताना भरतीची वेळ बघा, भरतीला दर्ग्याकडे जाणारा रस्ता पाण्याखाली जातो. पाणी चढलं की थांबायचं, उड्या मारत जायचं नाही. सिद्धिविनायकाला मंगळवारी दर्शनाला किती वेळ लागेल ते त्या गणपतीलाच माहीत.

नाटक न बघता परत येणं

हे माझं खास दुखणं. आपल्याकडे जळगावच्या संभाजीराजे नाट्यगृहात मोठं नाटक आलं की तिकिटासाठी फोनाफोनी करतो, आणि मुंबईत शनिवार-रविवारी दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार, ठाण्याचं गडकरी, इतक्या ठिकाणी नाटकं लागलेली असतात तर आपण मॉलमध्ये एस्कलेटरवर चढउतार करत बसतो. मॉल आता इकडेही झालेत की. पेपरातली नाटकाची पानं बघा किंवा बुक माय शोवर तिकीट काढा. दुपारचा ४ च्या आसपासचा प्रयोग घ्या, म्हणजे रात्री लोकल आणि जेवणाची मारामार होत नाही. जुहूच्या पृथ्वी थिएटरला जाणार असाल तर वेळेच्या आधी पोहोचा, उशीर झाला तर आत सोडत नाहीत, ओळख सांगून उपयोग नाही. तान्हं लेकरू असेल तर घरातल्या एकाने बाहेर थांबायचं आधीच ठरवा.

बारीकसारीक पण त्रास देणारं

रात्रीच्या गाडीने पहाटे उतरलात आणि सगळं १० ला उघडतं, मग मधल्या वेळात स्टेशनवर पथारी टाकू नका. दादरला उतरलात तर पहाटेचं फूल मार्केट बघा, सीएसएमटीला उतरलात तर थोडं उजाडलं की मरीन ड्राईव्ह, येताना धोबी तलावला कयानीत बन मस्का आणि चहा, १९०४ पासूनचं इराणी हॉटेल आहे. ठेचा-भाकरी सोबत असेलच, ती एलिफंटाच्या दिवसासाठी राखून ठेवा.

सामान क्लोकरूममध्ये ठेवता येतं, पण बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. आपल्या वांग्यांच्या पिशवीला कुलूप कुठून लावणार, म्हणून ती पाहुण्यांकडे आधी पोहोचवा. लोकलमध्ये चढताना कोणी मागे राहिलं तर आधीच ठरवून ठेवा, पुढे गेलेल्यांनी पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच थांबायचं, मागे राहिलेल्याने पुढच्या लोकलने तिथे यायचं, दोघांनी एकाच वेळी शोधायला निघायचं नाही. फर्स्ट क्लासच्या डब्यात चुकून चढू नका, टीसी दंड घेतल्याशिवाय सोडत नाही.

परतीची गाडी सीएसएमटीवरून सुटत असेल तर तिथूनच बसा, दादरला ती काही मिनिटंच थांबते आणि चार बॅगा, दोन म्हातारी माणसं आणि झोपलेलं पोरगं घेऊन एवढ्यात चढणं म्हणजे तमाशा. लोकलने सीएसएमटीला आलात तर लक्षात ठेवा, १ ते ७ लोकलचे प्लॅटफॉर्म, बाहेरगावच्या गाड्या ८ ते १८ वर, आणि १८ नंबरपर्यंत सामान घेऊन चालायला चांगली दहा मिनिटं जातात.