गल्लीतल्या थ्री-ऑन-थ्री बास्केटबॉलला रेफरी व्हायचंय? मग हे वाचून घ्या

मंडळाचं नाहीतर सोसायटीचं थ्री-ऑन-थ्री टुर्नामेंट ठरलं की टीमा पटापट भरतात, टी-शर्ट छापून येतात, ट्रॉफीचा फोटो ग्रुपवर फिरतो आणि आदल्या दिवशी संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात येतं की अरे रेफरीचं काय. मग जो मोकळा उभा दिसेल त्याच्या हातात शिट्टी. असं नको व्हायला. पोरं महिनाभर प्रॅक्टिस करून येतात, त्यांना नियम माहिती असलेला माणूस मिळालाच पाहिजे. म्हणून टुर्नामेंटची तारीख कळली की स्वतःहून नाव द्या, आणि तयारी कशी करायची ते सांगतो.

पहिलं म्हणजे नियम. शाळेत खेळलोय म्हणजे येतं असं धरून चालू नका, हा खेळ वेगळाय. एकच रिंग, तीन खेळाडू आणि एक बदली, १० मिनिटं किंवा जो आधी २१ करेल तो. आर्कच्या म्हणजे रिंगसमोरच्या मोठ्या अर्धगोल रेषेच्या आतून टाकला तर १, बाहेरून २, फ्री थ्रोचा म्हणजे फाऊलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचा १. तीन पॉइंट हा प्रकारच नाही, आणि हे टेबलवर बसणाऱ्याला नीट समजावून सांगा कारण सवयीने तो २ आणि ३ लिहायला लागतो. शॉट क्लॉक म्हणजे शॉट टाकायला मिळणारा वेळ १२ सेकंदांचा, टाइमआउट टीमला एकच आणि तोही ३० सेकंदांचा. टॉस जिंकणारा ठरवतो की बॉल आत्ता घ्यायचा का ओव्हरटाइम झाला तर तेव्हा. ओव्हरटाइमला आधी २ पॉइंट करेल तो जिंकला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांची फायनल अशीच संपली, फ्रान्स एकाने पुढे होता आणि नेदरलँड्सच्या वर्दी डी याँगने बाहेरून टाकला, १८-१७, गोल्ड मेडल. म्हणून बाहेरून शॉट जातोय असं दिसलं की शूटरच्या पायाकडे बघायची सवय लावा. पाय रेषेला लागला असेल तर एकच.

आता सगळ्यात जास्त भांडणं जिथं होतात ते, बॉल क्लिअर करणं. बास्केट झाला की शिट्टी नाही, थांबणं नाही, ज्यांच्यावर झाला त्यांनी रिंगखालून बॉल उचलायचा आणि ड्रिबल करून नाहीतर पास देऊन आर्कच्या बाहेर न्यायचा. तो उचलेपर्यंत समोरच्याने रिंगखालच्या छोट्या अर्धगोलात हात घालायचा नाही. शॉट हुकला आणि रिबाउंड म्हणजे उडून परत आलेला बॉल अटॅकवाल्यालाच मिळाला तर त्याने तिथूनच परत टाकावा, क्लिअरची गरज नाही. पण डिफेन्सवाल्याने रिबाउंड घेतला किंवा बॉल चोरला तर बाहेर नेल्याशिवाय बास्केट धरायचा नाही. आणि बाहेर म्हणजे दोन्ही पाय बाहेर, रेषेवर एक टाच असली तरी क्लिअर झालेला नाही. हे घडताना तुम्ही तोंडाने मोठ्याने "क्लिअर" असं ओरडलात ना, तर निम्मी कटकट तिथंच संपते, खेळाडूला कळतं की आता टाकायला मोकळा आहे आणि बाहेर उभ्या पब्लिकलाही कळतं. क्लिअर न करताच टाकला तर लगेच शिट्टी, बास्केट रद्द, बॉल समोरच्यांना, वर आर्कच्या बाहेर चेक देऊन, म्हणजे डिफेन्सवाल्याने अटॅकवाल्याच्या हातात बॉल देऊन, सुरू. बॉल दोघांच्या हातात अडकला तर इथं जंप बॉल उडवत नाहीत, तो सरळ डिफेन्सला द्यायचा.

फाऊलचा हिशोब टीमचा असतो, खेळाडू पाच फाऊलला बाहेर वगैरे इथं नाही. पहिल्या ६ पर्यंत साध्या फाऊलला फक्त चेक बॉल, शूटिंगवर असेल तर आतल्या शॉटला एक फ्री थ्रो, बाहेरच्याला दोन. ७, ८, ९ ला दोन फ्री थ्रो. १० पासून पुढे दोन फ्री थ्रो आणि वर बॉलही त्यांचाच. अटॅकवाल्याने केलेल्या फाऊलला फ्री थ्रो मिळत नाहीत. मुद्दाम पाडलं, मागून ओढलं तर अनस्पोर्ट्समनलाइक, एकाच खेळाडूचे असे दोन झाले की तो मॅचच्या बाहेर. टेबलवरच्या माणसाने सहावा फाऊल लिहिला की तुम्हाला हाक मारून सांगायचं असं आधीच ठरवा.

फाऊल ओळखायचा कसा? नुसतं बॉलकडे बघत राहिलात तर काहीच दिसणार नाही. दोघा खेळाडूंच्या मधली फट दिसेल अशा जागी उभं राहा, म्हणजे बाजूने, तिरकं. एकाच्या पाठीमागे उभं राहिलात की फक्त पाठ दिसते आणि मग अंदाजाने शिट्टी जाते. डिफेन्सवाल्याचे हात सरळ वर आहेत, तो स्वतःच्या जागेवर सरळ उडालाय आणि शूटर येऊन त्याच्यावर आदळला, तर डिफेन्सचा फाऊल नाही, कितीही जोरात आवाज आला तरी. हात खाली आला, पुढे झुकला, कंबरेने ढकललं तर फाऊल. दोघे रेफरी असाल तर एक रिंगखाली एंडलाइनवर, दुसरा वर आर्कपाशी, आणि जो रिंगजवळ आहे त्याने पोस्टमधली म्हणजे रिंगलगतच्या जागेतली धक्काबुक्की बघायची, वरच्याने रेषा, क्लिअर आणि १२ सेकंद. शॉट क्लॉकचं मशीन गल्लीत कुठून येणार, म्हणून टीम नुसती वेळ काढतेय असं वाटलं की हात हलवून शेवटचे पाच सेकंद मोठ्याने मोजा.

खुणा पाठ करा, आरशासमोर करा. हे मी जोर देऊन सांगतोय कारण सोलापुरात एकाच मॅचला पूर्व भागातली तेलुगू बोलणारी टीम, समोर घरात कन्नड बोलणारी पोरं आणि बाहेर मराठी पब्लिक असं सहज असतंय, त्यात डीजे चालू. तिथं तुमचं भाषण कुणाला ऐकू येणार? मूठ बंद करून हात वर म्हणजे फाऊल, पंजा उघडा म्हणजे नुसतं घड्याळ थांबवा, दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवल्या की ट्रॅव्हलिंग (ड्रिबल न करता जास्तीची पावलं), दोन्ही हात कंबरेवर म्हणजे ब्लॉकिंग (डिफेन्सवाल्याने अंगाने वाट अडवली), मूठ तळव्यावर मारली की चार्जिंग (अटॅकवाला डिफेन्सवाल्यावर आदळला), दोन्ही अंगठे वर म्हणजे बॉल अडकला. आधी शिट्टी, मग खूण, मग नंबर, मग कुणाचा बॉल ते बोटाने दाखवायचं, याच क्रमाने, घाई न करता. शिट्टी मणी नसलेली घ्या, मण्याच्या शिट्टीत धूळ आणि थुंकी अडकली की नेमकी वेळेला वाजत नाही.

कोर्ट तुम्ही आखणार नसाल तरी मॅचच्या आधी तासभर जाऊन बघाच. नियमाने १५ मीटर रुंद आणि ११ मीटर लांब, पण गल्लीत एवढी जागा नसते. आर्क ६.७५ मीटरचा, म्हणजे रिंगच्या बरोबर खाली एकाला दोरीचं टोक धरून उभं करायचं आणि दुसऱ्याने दोरी ताणून खडू फिरवायचा. दोन्हीकडे मिळून साडेतेरा मीटर लागतात, रस्ता नऊ मीटरचा असेल तर आर्क दोन्ही बाजूंनी कापला जातो आणि कॉर्नरमधून २ पॉइंटचा शॉटच उरत नाही, हे कॅप्टनना आधी सांगा नाहीतर मधेच वाद. डांबरावर फक्की टिकत नाही, वाऱ्याने उडते, चुन्याचं पाणी करून ब्रशने मारलेली रेषा दिवसभर राहते. रिंग ३.०५ मीटर म्हणजे १० फूट. स्टँडवाली रिंग असेल तर पायाशी वाळूची पोती आहेत का ते हलवून बघा, नसतील तर मॅच सुरू करू नका, कुणी काहीही म्हणो. रिंग पश्चिमेला लावलेली असली तर संध्याकाळी शूटरच्या डोळ्यात ऊन जातं, ती फिरवायला सांगा. चेंबरचं झाकण, खडी, सगळं बघून घ्या. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४० च्या वर असतो, त्यामुळे सकाळी लवकर आणि संध्याकाळी पाचनंतरच मॅच ठेवा असं आयोजकांना ठामपणे सांगा, आणि पाण्याचे जार आदल्या दिवशीच भरून ठेवायला लावा, नळाला पाणी कधी येतं ते आपल्याला माहितीच आहे.

टेबलवर दोघं पाहिजेत, एक स्कोअर आणि फाऊल लिहायला, एक घड्याळाला. मोबाईलवर स्टॉपवॉच लावत असाल तर फोन फ्लाइट मोडवर, फायनलच्या शेवटच्या मिनिटाला मामाचा फोन यायला नको. बॉल डेड झाला की घड्याळ थांबतं, चेक होऊन अटॅकवाल्याच्या हातात बॉल आला की सुरू. मॅचेस खूप असतील तर काही जण घड्याळ सलग चालू ठेवतात, चालेल, पण मग ते पहिल्या मॅचपासून सगळ्यांना सारखंच.

सुरुवातीला दोन्ही कॅप्टनना बोलावून दोन मिनिटं बोला. कोर्टाची हद्द, घड्याळ, आणि माझ्याशी फक्त कॅप्टन बोलेल. नाहीतर प्रत्येक शिट्टीला चारही जण अंगावर येतात आणि बाहेरून "का बे, दिसत नाही का" चालू होतं. पब्लिकला उत्तर द्यायचं नाही, कॅप्टनने "सर, कशाचा फाऊल?" विचारलं तर एका वाक्यात सांगायचं, "हातावर मारला, ७ नंबर," आणि पुढे. दिलेला निर्णय आरडाओरड्यामुळे बदलायचा नाही, आणि मागच्याची भरपाई म्हणून पुढची शिट्टी तर अजिबात नाही, खेळाडूंना ते लगेच कळतं. स्वतःच्या गल्लीची टीम किंवा भाचा-पुतण्या खेळत असेल तर ती मॅच दुसऱ्या रेफरीला द्या. तुम्ही कितीही सरळ असलात तरी हरलेल्या पोरांच्या मनात शंका राहते, आणि ती राहू देणं बरोबर नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर एकदम सीनियर गटात उतरू नका, आधी एक दिवस टेबलवर बसा, मग लहान गटाच्या मॅचेस घ्या, तिथंही तेवढ्याच मनापासून, बारा वर्षांच्या पोराला ट्रॅव्हलिंग दिलं तर नेमका कुठला पाय जास्त पडला तेही सांगा. मॅच संपली की स्कोअरशीटवर दोन्ही कॅप्टनच्या सह्या घ्या, काही हरकत असेल तर सही करायच्या आधीच ऐकून घ्या, आणि शीटचा फोटो काढून लगेच टुर्नामेंटच्या ग्रुपवर टाका.