जुन्या गाडीत पेट्रोलचा वास येतोय? या चुका टाळा

गाडी जुनी झाली की पेट्रोलचा थोडाफार वास यायचाच, असं अनेक जण धरून चालतात. मला हे अजिबात मान्य नाही. टाकीतली वाफ बाहेर जाऊ नये म्हणून तर कोळशाचा कॅनिस्टर, म्हणजे कोळशाचे दाणे भरलेला डबा, बसवलेला असतो. गाडी उभी असताना हा कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह (कॅनिस्टर आणि इंजिन यांच्यामधली झडप) उघडला की तीच वाफ इंजिनात ओढली जाऊन जळते. अमेरिकेत १९७१च्या मॉडेलपासून कारना ही व्यवस्था सक्तीची झाली.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पंपावर. नोझल आपोआप बंद झाल्यावरही टाकी काठोकाठ भरून घेतली, की पेट्रोल थेट कॅनिस्टरमध्ये उतरू शकतं. भिजलेला कोळसा वाफ धरत नाही, आणि पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर स्टार्ट होत नाही. पर्ज व्हॉल्व्ह काढून तळहातावर हलकेच आपटून पाहा. काळे दाणे पडले, तर कॅनिस्टर आतून फुटलाय. अशा वेळी नुसता व्हॉल्व्ह बदलला तर नवाही त्याच दाण्यांनी अडकतो.

दुसरी चूक म्हणजे कॅनिस्टर काढून पाइपांना बूच मारणं. टाकीला हवाच मिळत नाही. गाडी काही वेळ नीट चालते, मग दम तोडते. झाकण उघडलं की फुस्स करून हवा आत जाते आणि गाडी पुन्हा पळते. इथे कित्येक जण विनाकारण फ्युएल पंप बदलतात. चुकीचं झाकण लावल्यानेही असंच होतं: कॅनिस्टर नसलेल्या गाडीला छिद्राचं झाकण लागतं, कॅनिस्टरवाल्या गाडीला वाफ बाहेर न सोडणारं.

पाइप पेट्रोलसाठीचेच घ्या, पाण्याचा पाइप आतून फुगतो. कॅनिस्टरचं एक तोंड मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं, ते बंद करू नका.

कार्ब्युरेटरच्या बऱ्याच गाड्यांत आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, वाफ ओढली जातच नाही, त्यामुळे तेव्हा पाइपला ओढ जाणवली नाही म्हणून व्हॉल्व्ह बाद ठरवू नका. व्हॅक्यूमवर चालणारा व्हॉल्व्ह असेल तर हातपंपाने व्हॅक्यूम द्या; पंपावरचा काटा खाली येत राहिला तर डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, फाटलाय.

आणि गळती शोधायला टाकीत कॉम्प्रेसरची हवा कधीच सोडू नका. टाकी फुटू शकते, बाहेर आलेल्या वाफेला एक ठिणगी पुरते.