गडावरच्या भुयारात सोडायची कॅमेरावाली गाडी घरी कशी बनवायची

आपल्याकडे दर दुसऱ्या गडावर एक तरी भुयार असतं, आणि ते थेट शेजारच्या गडावर नाहीतर खालच्या गावातल्या देवळात निघतं असं छातीठोक सांगणारा एक तरी मामा पायथ्याच्या टपरीवर बसलेला असतो. काळ्या कातळात छिन्नी-हातोड्याने मैलोन् मैल खोदायचं म्हणजे काय काम असेल ते त्यांना विचारू नका, उगाच चहा गार होतो. पण मुद्दा असा की बहुतेक भुयारं आत जाऊन कोणी नीट बघितलेलीच नसतात आणि जायलाही नको, छत ढासळलेलं, साप, पाणी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हवा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, खोलगट जागी साठून राहतो, आणि ऑक्सिजन नेहमीच्या २०.९ टक्क्यांवरून १९.५ च्या खाली आला की धोका धरतात, पण तो कमी झालेला नाकाला कळत नाही. म्हणून आत गाडी पाठवायची आणि आपण बाहेर सावलीत बसायचं.

हे फक्त मोठ्या संस्थांचं काम आहे असं समजू नका. १९९३ मध्ये रुडॉल्फ गांटेनब्रिंक या जर्मन इंजिनिअरने गिझाच्या मोठ्या पिरॅमिडमधल्या जेमतेम २० सेंटिमीटर चौकोनी बोळात छोटी पट्ट्यांवर चालणारी गाडी चढवली आणि तांब्याच्या दोन खिळ्यांचा दगडी अडसर जगाला दाखवला. अमेरिकेत एरिक स्टॅकपोल आणि डेव्हिड लँगने तर कॅलिफोर्नियातल्या हॉल सिटी केव्हमध्ये पाण्याखाली सोनं दडवलंय या गोष्टीपायी गॅरेजमध्ये पाण्याखालचा रोबो बनवायला घेतला, आणि त्यातूनच पुढे ओपनआरओव्ही हा स्वस्तातल्या पाण्याखालच्या रोबोंचा प्रकल्प उभा राहिला.

आता कामाचं. पहिला निर्णय: वायर की वायरलेस? वायरच. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर सरळ बोगद्यात बरी जाते, पहिलं वळण आलं की मेली, ओला दगड असेल तर आणखी लवकर. डार्पा म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याची संशोधन संस्था, तिच्या भूमिगत रोबो स्पर्धेत, जिची फायनल २०२१ मध्ये झाली, टीम्सचे रोबो वाटेत रेडिओचे डबे टाकत पुढे जायचे, आपलं बजेट तेवढं नसतं. साधी लॅन केबल घ्या, १०० मीटरपर्यंत सिग्नल आरामात जातो. फक्त स्वस्तातली तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल घेऊ नका, चार वेळा गुंडाळली की आतून तुटते आणि कुठे तुटली ते शोधत बसावं लागतं.

या केबलमधून करंट पाठवायचा मोह होतो, तो टाळा. लॅन केबलमधली २४ गेजची (जाडीचं माप) तार १०० मीटरला साधारण ८.४ ओहम असते, म्हणजे ५० मीटर जाऊन-येऊन तेवढाच रेझिस्टन्स, १ अँपिअर ओढला तरी ८ व्होल्टच्या वर वाटेतच खलास, १२ व्होल्टच्या मोटरला काय उरणार? बॅटरी गाडीतच ठेवायची: १८६५० साइझचे ३ लिथियम सेल सिरीजमध्ये, बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) लावून, फुल चार्जला १२.६ व्होल्ट. जुन्या लॅपटॉपमधले सेल वापरणार असाल तर प्रत्येक सेल चेक करून घ्या, एक जरी मेलेला निघाला तर गाडी आतच बसणार.

सामान पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला, आणि गावाकडे असाल तर ऑनलाइन. लॅनचं पोर्ट असलेला रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर), त्याचा कॅमेरा, १२ व्होल्टच्या गिअरवाल्या जॉन्सन मोटर चार, ६० ते १०० आरपीएमच्या. जास्त स्पीडच्या घेऊ नका, भुयारात रेस नाही लावायची, दगडावर चढायला ताकद लागते. मोटर ड्रायव्हर, म्हणजे कमांडप्रमाणे मोटरला करंट देणारा बोर्ड, म्हणून सगळे एल२९८एन सुचवतात, पण तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो आणि तापतो, थोडे पैसे जास्त गेले तरी बीटीएस७९६० बरा. चार मोटर अडकल्या की करंट एकदम वाढतो हे विसरू नका. रास्पबेरी पायला करंट वेगळ्या बक कन्व्हर्टरमधून (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) द्या, नाहीतर मोटर सुरू झाली की पाय रीस्टार्ट.

बॉडीसाठी जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा, दोन्ही टोकांना झाकणं, वायरी बाहेर येतात तिथे केबल ग्लँड (वायरीभोवती घट्ट आवळणारा नट), बाकी फटींना एम-सील. चाकं बॉडीपेक्षा उंच हवीत, म्हणजे गाडी उलटली तरी पोटावर न पडता उलटीच चालत राहते आणि स्क्रीनवरचं चित्र सॉफ्टवेअरने फिरवलं की झालं. रुंदी भुयाराच्या सगळ्यात अरुंद जागेच्या निम्मी ठेवा, वळायला जागा लागते.

लाइटचं लोक फार चुकवतात. एलईडी कॅमेऱ्याला चिकटून लावली की आत धूळ किंवा दमट धुकं असलं तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते, घाटात धुक्यात अप्पर मारल्यावर होतं अगदी तसंच. लाइट बाजूला आणि थोडी खाली लावा, सावल्या लांब पडतात आणि खड्डा कुठे, दगड कुठे ते कळतं. अजून एक, हे मला सगळ्यात आवडतं: दोन स्वस्त लाल लेझर पॉइंटर बरोबर १० सेंटिमीटर अंतरावर समांतर बसवा, समोरच्या भिंतीवर दोन ठिपके पडतात, आणि मग फोटोत दिसणारं भोक मुठीएवढं आहे की माणूस मावेल एवढं ते मोजता येतं. कॅमेऱ्यात अंतराचा अंदाज येत नाही, कोणालाच.

प्रोग्रॅममध्ये एक गोष्ट पाहिजेच: अर्धा सेकंद कमांड आली नाही तर मोटर बंद. नाहीतर केबल निघाली आणि शेवटची कमांड 'पुढे' होती, की गाडी गेली गंगेला.

आणि परत आणायची सोय. केबलने गाडी ओढायची नाही, त्यासाठी मागच्या बाजूला वेगळी नायलॉनची दोरी बांधा, दर ५ मीटरला रंगीत टेप, म्हणजे किती आत गेली ते कळतं. दोरी सोडायला एक वेगळा माणूस बसवा ज्याचं लक्ष स्क्रीनकडे नाही. वळणावर घर्षण किती वाढतं हे ऐकून ठेवा: दोरी आणि दगडाचं घर्षण ०.५ धरलं तर काटकोनाच्या दोन वळणांनंतर जवळजवळ पाचपट जोर लावावा लागतो. म्हणून दोन वळणं झाली की थांबा, मागे घ्या. केबल जड वाटत असेल तर तिचं रीळ गाडीवरच चढवा, गाडी पुढे जाईल तशी केबल मागे पडत जाते आणि घासत नाही, फक्त येताना तिच्यावर चाक जाऊ देऊ नका.

टेस्टिंग घरीच: दिवाणाखाली, लाइट बंद करून, विटा-खडी टाकून, फक्त स्क्रीन बघून. बादलीभर पाणी ओता गाडीच्या अंगावर. २०१० मध्ये न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीत स्फोटानंतर सैन्याचा रोबो आत पाठवला होता, तो पाण्याने शॉर्ट होऊन बंद पडला. त्यांचं असं होतं तर आपलं एम-सील काय.

त्याच खाणीवरून दुसरं: गटार, बायोगॅसचा खड्डा, कोळशाची खाण असल्या ठिकाणी ही गाडी अजिबात सोडायची नाही. आपल्या मोटरमध्ये ब्रशची ठिणगी पडते आणि मिथेन असेल तर विषयच संपला. आणि एमक्यू सीरिजचे गॅस सेन्सर लावून 'आत हवा चांगली आहे' असं कोणाला सांगू नका, शंभर-दोनशे रुपयाच्या सेन्सरवर माणूस आत पाठवत नसतात.

गडावर जायच्या आधी परवानगी. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खातं, जंगलात असेल तर वनखातं, आणि एक दगडसुद्धा हलवायचा नाही, गाडी जाईल तिथपर्यंतच. पावसाळ्यात नको. वटवाघळं दिसली की लाइट कमी करून मागे या, त्यांची पिल्लं असतील तर त्या सीझनला नादच सोडा. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, म्हणून गाडी बाहेर आली की मास्क आणि हातमोजे घालूनच पुसा, आणि ओल्या फडक्याने, झटकायचं नाही.

अडकली तर? दोरी हळू ओढून बघा, ढील देऊन परत बघा, मोटर मागे फिरवत ओढा. तरी नाही आली तर दोरी कापा आणि घरी या. 'पाचच फूट आत आहे, मी पटकन काढतो' म्हणणारा एक दोस्त प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याला आधीच ओळखून ठेवा आणि त्या दिवशी गाड्यांकडे लक्ष द्यायला खाली बसवा.