खिडकीतला टॉवर: नववीच्या वर्गासाठी दोन आठवड्यांचा उपक्रम

ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नवी मुंबईत पामबीचच्या बाजूला शाळा असेल, तर खिडकीतून एखादा टॉवर दिसतोच. उपक्रमासाठी तोच निवडा. ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा तक्त्यावर शोभून दिसतो, पण मुलांना तो मोजता येत नाही. समोरचा टॉवर मोजता येतो, त्याची सावली पायांनी चालून पाहता येते, आणि त्याच्या वॉचमनशी बोलता येतं.

आधी मोजणी, प्रतिकृती नंतर. क्रम उलटा झाला की घरून पालकांनी केलेला पुठ्ठ्याचा मनोरा येतो, त्याला कापसाची झाडं असतात, आणि उपक्रम तिथेच संपतो.

उंची

दोघांत एक कोनमापक, एक स्ट्रॉ, वीतभर दोरा आणि ओळंब्यासाठी एक लोखंडी नट. स्ट्रॉ कोनमापकाच्या सरळ कडेवर चिकटवा, दोरा मध्यबिंदूतून सोडा. स्ट्रॉमधून टॉवरचा माथा दिसला की जोडीदाराने दोरा बोटाने दाबून कोन वाचायचा. निम्मा वर्ग इथेच फसतो. दोरा दाखवतो तो कोन ९० मधून वजा केल्यावर उन्नत कोन मिळतो. दोऱ्यावर ३९ आले तर उन्नत कोन ५१ अंश. वजाबाकी विसरली की १०० मीटरचा टॉवर ६६ मीटरवर येतो. सूर्य माथ्याच्या मागे असेल तर मोजणी करू नका. स्ट्रॉमधून सूर्याकडे डोळा जाता कामा नये.

समजा अंतर ८० मीटर, कोन ५१ अंश. टॅन ५१ म्हणजे १.२३५, त्याला ८० ने गुणून ९८.८ मीटर. त्यात डोळ्यांची उंची १.४ मिळवा: १००.२. आता कोन एका अंशाने चुकवून ५२ घ्या, उंची साडेतीन मीटरने वाढते, म्हणजे एका मजल्याहून जास्त. हेच २० मीटरवर उभं राहून केलं तर एका अंशाची चूक जवळपास ९ मीटरची होते. म्हणून कोन ४५ च्या आसपास येईल इतकं लांब उभं राहायचं. हे सांगू नका, दोन्ही ठिकाणांहून मोजायला लावा आणि दोन गटांना भांडू द्या.

खरी अडचण कंपाउंडची. बुंध्यापर्यंत टेप नेता येत नाही, आणि खाली पार्किंगचा पोडियम पसरलेला असतो. अंतर फोनवरच्या नकाशात मोजा, तेही गेटपर्यंत नव्हे तर टॉवरच्या भिंतीपर्यंत. मग पडताळा: मजले मोजून ३ मीटरने गुणा. आकडे जुळत नाहीत, आणि ते का जुळत नाहीत हाच धडा आहे. तळमजल्याची लॉबी उंच असते, पोडियमचे मजले वेगळे, काही इमारतींत १३ वा मजला क्रमांकातून गाळलेला असतो. मध्येच एक मोकळा, काळोखा पट्टा दिसतो तो रेफ्यूज एरिया, आगीच्या वेळी थांबायची जागा. असा पहिला पट्टा साधारण २४ मीटरच्या वर असतो; मुलांना तो शोधायला सांगा.

सावली

भूगोलाच्या तासाला डिसेंबर गाठा. २२ डिसेंबरच्या आसपास ठाण्यात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो, म्हणून १०० मीटरच्या टॉवरची सावली उत्तरेला ९२ मीटर जाते. ती कोणाच्या गच्चीवर, कोणाच्या वाळवणावर पडते, हे नकाशात आखा. सर्वांत आखूड सावली घड्याळात बाराला पडत नाही, १२:३५ ते १२:४० च्या दरम्यान पडते, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि आपण ७३ च्या जवळ. बाराला मोजून ‘सावली उत्तरेकडे सरळ नाही’ अशी तक्रार घेऊन मुलं येतातच. शून्य सावलीचे दिवस, म्हणजे सूर्य थेट डोक्यावर येतो ते, मात्र या उपक्रमाच्या कामाचे नाहीत: एक मे महिन्यात सुटीत, दुसरा जुलैअखेर ढगांत.

थर आणि वारा

ठाण्यातल्या मुलाला भाराची गोष्ट दहीहंडीपासून कळते. खालचा थर रुंद का, त्याला बाहेरून रेटून धरणारी माणसं का, हे त्याने पाहिलेलं असतं. पण टॉवरला वजनाइतकीच चिंता आडव्या धक्क्याची, म्हणजे वारा आणि भूकंपाची. ए-फोर कागद सपाट उभा करा, पडतो. गुंडाळून नळी करा, तीच पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा पेलते. ढाक्यात जन्मलेल्या फझलुर रहमान खान यांनी शिकागोत हाच विचार वापरला: खांब मध्यभागी विखुरण्याऐवजी बाहेरच्या कडेला दाटीने लावून अख्खी इमारत एक नळी करायची. ४४२ मीटरचा सीअर्स टॉवर त्यातूनच उभा राहिला.

पाच जणांच्या गटाला २० वर्तमानपत्री पानं, १५ रबरबँड आणि फक्त १ मीटर चिकटपट्टी द्या. पानं कोपऱ्यापासून तिरकी, पेन्सिलीवर घट्ट गुंडाळायची. मनोरा १ मीटर उंच हवा, माथ्यावर अर्धा किलो साखरेची पिशवी १ मिनिट टिकली पाहिजे, मग दीड मीटरवरून टेबलफॅन. बहुतेक मनोरे दोन कारणांनी कोसळतात. चौकटीत कर्ण घातलेला नसतो, त्यामुळे चौकोन तिरका होऊन लोळतो. किंवा सैल गुंडाळलेली नळी सांध्याशीच चेपते. चिकटपट्टी वाढवून मागतील, देऊ नका.

डोलण्यासाठी ३० सेंटिमीटरच्या दोन लवचिक प्लॅस्टिक पट्ट्या पुठ्ठ्यावर उभ्या करा, वर पुठ्ठ्याचं छत. तळपुठ्ठा दहा-बारा गोट्यांवर ठेवून हलवा. छताला बोटाने ढकलून १० डोल मोजा, १० ने भागा. एका डोलाला ०.६ सेकंद लागत असेल तर छताखाली ९ सेंटिमीटरचा लंबक (दोऱ्याला बांधलेला नट) टांगा (सेकंदांचा वर्ग गुणिले २५, उत्तर सेंटिमीटरमध्ये). डोल लवकर शमतो. तैवानच्या तैपेई १०१ या टॉवरमध्ये ६६० टनांचा गोळा हेच करतो. लांबी चुकली किंवा नट फारच हलका असला की काहीच फरक दिसत नाही, आणि मुलं ‘हे खोटं आहे’ म्हणून मोकळी होतात. लंबकाचं वजन छताच्या दहाव्या भागाएवढं तरी ठेवा. लंबक टांगल्याने छत जड होऊन डोल थोडा मंदावतो, म्हणून वेळ पुन्हा मोजून दोरा जुळवा.

नळाचं पाणी

हा भाग बहुतेक जण गाळतात, पण विज्ञान आणि गणिताची सांगड सगळ्यात चांगली इथे बसते. दर १० मीटर पाण्याच्या उंचीला सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब. १०० मीटरवरच्या टाकीचा पाइप सरळ तळमजल्याच्या नळाला जोडला तर १० किलो. नळाचे वायसर तग धरणार नाहीत. म्हणून मध्ये दाब कमी करणारे व्हॉल्व्ह असतात. आता १००० लिटर पाणी १०० मीटर चढवायला किती वीज? ९.८ लाख ज्यूल, म्हणजे पाव युनिटहून थोडी जास्त. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तर अर्धं युनिट. १६० घरं, घरात ४ माणसं, माणशी १३५ लिटर: दिवसाला ८६,४०० लिटर आणि सुमारे ४७ युनिटं. नवी मुंबईत हे पाणी मोरबे धरणातून येतं. तिथून टाकीपर्यंतचा प्रवास नकाशावर आखला की भूगोलही झाला.

आडवं शहर, उभं शहर

इतिहासात दोन तारखा शेजारी ठेवा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस पाळण्यावर उभा राहिला, दोर कापला गेला, आणि पाळणा ब्रेकने जागीच थांबला. रेल्वेने शहर आडवं पसरवलं, लिफ्टने उभं. पहिली गगनचुंबी इमारत मानली जाणारी शिकागोची १० मजली होम इन्शुरन्स इमारत त्यानंतर, १८८५ मध्ये. नागरिकशास्त्रासाठी काड्यापेटीच्या २४ रिकाम्या पेट्या घ्या: एकाच भूखंडावर ६ च्या चार थरांत आणि २ च्या बारा थरांत मांडा. चटईक्षेत्र, म्हणजे सगळ्या मजल्यांचं मिळून क्षेत्रफळ, तेवढंच, मोकळी जमीन वेगळी. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली. नवी मुंबईची मूळ कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये बुटकी, अंगणाची घरं बांधली. समोरचा टॉवर आणि ते आर्टिस्ट्स व्हिलेज, दोन्ही मुलांना पाहू द्या आणि वाद घालू द्या.

मराठीच्या तासाला शब्द गोळा करा: पाया, तुळई, परांची, ओळंबा, गिलावा, माळा. कोणता शब्द गवंडी अजून वापरतात, कोणाच्या जागी ‘बीम’ आणि ‘प्लास्टर’ आलं, हे मिस्त्रीला विचारून लिहायचं. बांधकामाच्या आत मुलांना नेऊ नका, मिस्त्रीला शाळेत बोलवा.

शेवटची सूचना निबंधाबद्दल. ‘माझं घर’ हा विषय देऊ नका. टॉवरमधलं मूल आणि त्या टॉवरच्या मागच्या चाळीतलं मूल एकाच बाकावर बसतं. त्याऐवजी ‘टॉवरची सावली जिथे पडते तिथून’ असा विषय द्या.