सहकाऱ्याचं सत्र पाहायला बसण्याआधी

सहकाऱ्याच्या करिअर समुपदेशनाच्या सत्राच्या पाहणीची तारीख ठरली की आधी वरिष्ठांशी बोलून घ्या. टिपणं वार्षिक मूल्यमापनाच्या फाइलीत जाणार नाहीत, हे पक्कं करा. जाणार असतील तर सहकारी त्या दिवशी ठेवणीतलं सत्र दाखवेल, तुम्हीही गोडगोड लिहाल, आणि दोघांचा वेळ वाया जाईल.

मग सहकाऱ्याबरोबर थोडा वेळ बसा आणि काय पाहायचं ते त्यालाच ठरवू द्या. मुद्दा एकच हवा. 'सगळंच बघ' म्हणाला तर ऐकू नका. प्रशिक्षणार्थ्याची परवानगी आदल्या दिवशी घ्या, कारण ऐनवेळी दारात विचारलं तर बिचारा नाही म्हणूच शकत नाही. टिपणात त्याचं नाव नको. खुर्ची कडेला, मोबाइल बंद.

खरी तयारी वहीची. पानावर उभी रेघ मारा. एकीकडे वेळ, दुसरीकडे बोललेले शब्द. स्वतःचं मत कुठेच नाही. 'घाई केली' असं लिहू नका. मुलीनं विचारलं, "वेल्डिंग घेतलं तर..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर आलं, "ते तुला झेपायचं नाही." हे जसंच्या तसं उतरवा, त्यावर वेगळी टीका करावी लागत नाही. सेकंदकाटा असलेलं घड्याळ जवळ हवंच. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना वर्गांमध्ये आढळलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात. करिअरबद्दल बोलताना तर मूल अडखळतंच, त्यामुळे मी आधी हेच मोजतो.

सत्रात वापरायचे कागदही आधी मागून घ्या. कोर्सच्या माहितीपत्रकावर तारीख आहे का? वायरिंगच्या कामात तारांचे रंग ओळखावे लागतात, हे त्यात कुठे आहे का? मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांच्या व्यक्तिमत्त्वाच्या ६ प्रकारांवर बेतलेली चाचणी असेल तर एवढंच लक्षात ठेवा: ती आवड सांगते, कुवत नाही. निकाल वाचून दाखवताना बरेच जण हे विसरतात.

चर्चेची वेळ त्याच दिवसाची धरा. आधी सहकारी बोलेल, मग तुम्ही वही वाचाल. सल्ला मागितला तरच. तुमचं सत्र तो कधी पाहणार, ती तारीखही त्याच बैठकीत लिहून टाका.