पैठणी थेट विणकराकडून विणून घेताना: रास्त दाम कसं काढायचं

येवल्याला जाऊन पैठणी घेतली म्हणजे पैसे विणकराला मिळाले, असं बरेच जण धरून चालतात. तसं होतंच असं नाही. येवल्यात काही घरी माग विणकराचा असतो, पण रेशीम आणि जर (सोनेरी-चंदेरी तार) व्यापारी देतो आणि साडीमागे ठरलेली मजुरी हातावर ठेवतो. काही ठिकाणी एका मालकाचे पाच-दहा माग असतात आणि बसणारा कारागीर मजुरीवर असतो. रेशीम, माग आणि विक्री तिन्ही स्वतःची असलेली घरं वेगळी. म्हणून साडी उलगडायच्या आधी दोन प्रश्न विचारा: माग कोणाचा आणि रेशीम कोणाचं? उत्तरावरून कळतं की तुम्ही भाव कोणाशी करताय.

आधी हिशेब

रास्त व्यापाराची खरी कसोटी रोजच्या कमाईवर लागते आणि ती कागदावर काढता येते. विणकराला मिळणाऱ्या रकमेतून रेशीम, जर, रंगाई आणि मागाचा खर्च वजा करा. उरलेल्या रकमेला दिवसांनी भागा, मग राबणाऱ्या हातांनी भागा.

समजा, विणकराला 24,000 रुपये मिळाले. कच्चा माल 7,000, मागाची देखभाल आणि किरकोळ 1,000. उरले 16,000. साडीला 30 दिवस लागले, तर रोजचे साधारण 533. इथे बहुतेक जण थांबतात आणि चूक होते. कांड्या भरणं, धागा उकलणं, ताणा (मागावरचे उभे धागे) सांधणं ही कामं घरातली दुसरी माणसं, बहुतेकदा बायका, करतात आणि त्यांची हजेरी कोणी मांडत नाही. दुसरं माणूस पूर्ण वेळ धरलं तर तोच आकडा 267 वर येतो. आता तुमच्या गावात गवंडी दिवसाला काय घेतो ते आठवा. (आकडे उदाहरणादाखल आहेत. खरे आकडे विणकर स्वतः सांगतो, फक्त घासाघीस करायच्या सुरात विचारू नका.)

दिवस किती धरायचे हे नक्षीवर ठरतं. साधा काठ आणि थोड्या बुट्ट्या असतील तर काही आठवडे. पदरावर मोर, आसावली (फुलांची वेल), मुनिया (पोपट) भरगच्च असतील तर कित्येक महिने. पैठणीतला मोर धोटा (आडवा धागा नेणारं साधन) सरळ आरपार फेकून उमटत नाही. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते आणि रंग जिथे बदलतो तिथे दोन धागे एकमेकांत हाताने अडकवावे लागतात. त्यामुळे भरगच्च पदराच्या दिवशी काम बोटभरच पुढे सरकतं. "दहा दिवसांत देतो" असं कोणी भरलेल्या पदराबद्दल म्हणालं तर ती हातविणीची असण्याची शक्यता फार कमी.

शिक्के काय सांगतात

सिल्क मार्क फक्त रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगतो. यंत्रमागावरच्या रेशमी साडीलाही तो मिळतो. हँडलूम मार्क कापड हातमागावरचं असल्याचं सांगतो. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते प्रदेश आणि पद्धतीपुरतं. मजुरीबद्दल यातला एकही शिक्का काही बोलत नाही. जागतिक रास्त व्यापार संघटनेची खूण मजुरी, आगाऊ रक्कम, कामाची परिस्थिती हे सगळं बघते, पण एकट्या विणकर घराकडे ती असेल अशी अपेक्षा करू नका. नाही म्हणून घर वाईट ठरत नाही, आणि म्हणूनच वरचा हिशेब आपला आपण करायचा.

साडी उलटी करून बघा. हाताने गुंफलेली नक्षी दोन्हीकडून जवळजवळ सारखी दिसते, मागे मोकळे धागे लोंबत नाहीत. या परीक्षेत एक खोच आहे: जॅकार्ड (नक्षीसाठी धागे आपोआप उचलणारं, मागावर बसवलेलं यंत्र) लावून विणलेल्या रुंद ब्रोकेड काठाला मागून धागे दिसतात आणि तो काठ हातमागावरचाही असू शकतो. म्हणून काठ आणि पदर वेगवेगळे तपासा आणि कशाला जॅकार्ड आहे ते सरळ विचारा. सेमी पैठणी, म्हणजे हाताने न गुंफलेली, पैठणीसारखी दिसणारी साडी, विकणं हा गुन्हा नाही. सेमी विकून हातविणीचे पैसे घेणं ही फसवणूक, आणि तिचा फटका शेजारच्या खऱ्या मागाला बसतो, कारण गिऱ्हाईक पुढच्या वेळी त्याच्याकडे तोच भाव मागतं.

कागदावर काय लिहायचं

सहावारी की नऊवारी. काठ किती इंच. पदराची लांबी आणि नक्षी, शक्यतो फोटोसह. जर चांदीची की टेस्टेड. टेस्टेडमध्ये तांब्याची तार असते आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ब्लाउजपीस आहे की नाही. तारीख.

रंगाबद्दल सावध. ताणा एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाव, म्हणजे हलवल्यावर बदलणारी रंगछटा, येते. मोबाइलच्या फोटोत ती कधीच खरी दिसत नाही. धाग्याचा नमुना हातात घेऊन उन्हात बघा. ताणा सहसा एकाहून जास्त साड्यांचा लावतात, म्हणून मागावर आत्ता जो रंग आहे त्यातच साडी सांगितलीत तर वेळ वाचतो आणि विणकराचे पैसेही नव्या रेशमात अडकत नाहीत. ताणा चढल्यावर "जरा गडद करता येईल का" हा निरोप पाठवू नका. येत नाही.

आगाऊ रक्कम किमान निम्मी, बिनव्याजी. जागतिक रास्त व्यापार संघटनेचा हस्तकलेसाठी हाच दंडक आहे आणि त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे: ती नसेल तर विणकर रेशमासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि मग साडीही त्याच्याच भावाने त्यालाच द्यावी लागते. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या. पुढे कर्ज काढताना खात्यातल्या नोंदी कामाला येतात.

दुकान किंवा बुटीक चालवणाऱ्यांना एकच सांगणं: जांगड माल उचलू नका. विकली तर पैसे, नाही तर साडी परत, या पद्धतीत महिनाभराची मेहनत तुमच्या कपाटात अडकते आणि घडीवर जर काळवंडून परत जाते. कमी घ्या, पण रोख घ्या. लेबलवर विणणाऱ्याचं नाव घालायचं असेल तर आधी विचारा.

साडी हातात आल्यावर

उजेडात पूर्ण उलगडा. तुटलेले ताण्याचे धागे, तेलाचा डाग, काठाची असमान रुंदी हे दोष. एखादी बुट्टी केसभर इकडे-तिकडे असणं हा दोष नव्हे, त्यावरून पैसे कापू नका. आतल्या टोकाला ओला पांढरा रुमाल दाबून रंग सुटतो का बघा. धाग्याची शंका असेल तर टोकाचा सुटा धागा जाळा: रेशीम केस जळल्यासारखं वास देतं आणि राख बोटांत चुरगळते, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. सगळं नीट असेल तर उरलेली रक्कम त्याच दिवशी द्या, कारण पुढच्या ताण्याचं रेशीम त्यातूनच यायचं असतं.