सुतळीनं जवळची वाट काढायची रीत

नात बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत ओसरीवर बसून वहीत गोल काढायची, रेघांनी जोडायची आणि खोडायची. म्हटलं, "काय करून राहिली वं?" तर म्हणे, "डाइकस्ट्रा. सगळ्यात जवळचा रस्ता काढाचा आहे. तुम्हाले नाही समजणार, आबाजी."

अठ्ठावीस वर्षं मी सायकलवर टपाल वाटलं, अन् मला जवळचा रस्ता समजणार नाही? दुपारपर्यंत तिच्याकडून सगळं वदवून घेतलं आणि सुतळीवर करून दाखवलं. ज्यांच्या घरी असंच कोणी अडलं असेल त्यांच्यासाठी ती रीत लिहितो.

तीन मीटर सुतळी घ्या. नायलॉनची दोरी नको, ती ताणते. शिवाय मोजायचा टेप, चिठ्ठ्या आणि एक जड लोखंडी नट. ठिकाणं आपल्या पायाखालची घ्या, पुस्तकातले ए, बी, सी नकोत. आम्ही माझी जुनी बीट, म्हणजे टपाल वाटायचा भाग घेतला: पोस्ट, मारुती, जिन (सरकी काढायचा कारखाना), तांडा, बंधारा आणि शेवटी आश्रमशाळा. अंतर किलोमीटरमध्ये धरलं नाही, सायकलच्या मिनिटांत धरलं. काळ्या मातीतला एक किलोमीटर आणि डांबरी सडकेवरचा एक किलोमीटर सारखा नसतो, हे टपालवाल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

पोस्ट ते मारुती ४ मिनिटं, पोस्ट ते जिन १०, मारुती ते जिन ३, जिन ते तांडा ६, मारुती ते बंधारा १२, तांडा ते बंधारा २, तांडा ते शाळा ९, बंधारा ते शाळा ५.

एका मिनिटाला ५ सेंटीमीटर धरून तुकडे कापा आणि प्रत्येक ठिकाणी गाठ मारून चिठ्ठी लावा. इथं आम्ही फसलो. गाठ सुतळी खाते. मोजून कापलेला ६० सेंटीमीटरचा तुकडा बांधल्यावर ५५ भरला आणि सगळं उत्तर बिघडलं. म्हणून तुकडे लांब कापा आणि माप गाठ मारल्यावर, गाठीपासून गाठीपर्यंत घ्या.

आता शाळेच्या गाठीला नट बांधा, सगळं जाळं जमिनीवर गोळा करून ठेवा आणि फक्त पोस्टची गाठ चिमटीत धरून हळूहळू वर उचला. घाई करू नका, सगळी गंमत या उचलण्यात आहे. हात २० सेंटीमीटरवर गेला की मारुती जमीन सोडतो. ३५ वर जिन, ६५ वर तांडा, ७५ वर बंधारा आणि बरोबर एका मीटरवर शाळा. म्हणजे २० मिनिटं. ताठ झालेल्या सुतळ्या ती वाट दाखवतात, ढिल्या लोंबणाऱ्या तीन सुतळ्या वाया गेलेले रस्ते.

हेच खडूनं ओसरीवर करा. पोस्टवर ० लिहा. त्याच्या शेजाऱ्यांवर मारुती ४, जिन १०. यातला लहान आकडा मारुतीचा, त्याला गोल करून पक्का करा. तो आता बदलणार नाही, कारण दुसरीकडून फिरून यायचं तर जिनपर्यंतच १० मिनिटं जातात. आता पक्क्या झालेल्या मारुतीवरून पुढे बघा: जिनला ४ आणि ३ मिळून ७, म्हणून १० खोडा. बंधारा १६. पुन्हा सगळ्यात लहान आकडा, जिन ७, पक्का. तांडा १३, पक्का. तांड्यावरून बंधारा १५, १६ खोडा. शाळा २२. बंधारा पक्का केला की शाळा २०. खोडताना कुठून आलो तेही बाजूला लिहा, नाहीतर आकडा मिळतो पण वाट मिळत नाही. नातीचं घोडं इथंच अडलं होतं: ती आकडे एकदा लिहिले की खोडतच नव्हती.

एक अट आहे. कोणतंही अंतर वजा नको. पुस्तकात तसा प्रश्न आला तर ही रीत चालत नाही, आणि का ते सुतळी सांगते: वजा लांबीचा तुकडा कापून दाखवा.

ही रीत काढणारा एड्सगर डाइकस्ट्रा हॉलंडचा, १९३० साली रॉटरडॅमला जन्मलेला. १९५६ मध्ये तो होणाऱ्या बायकोबरोबर ॲमस्टरडॅममध्ये बाजार करत फिरला, दमून कॉफी प्यायला बसला आणि वीसेक मिनिटांत हे डोक्यातच सोडवलं. जवळ कागद नाही, पेन्सिल नाही. त्याच्या संस्थेचा आर्माक नावाचा नवा कॉम्प्युटर लोकांना दाखवायचा होता, तर साध्या माणसाला कळेल असा प्रश्न हवा होता. म्हणून हॉलंडची ६४ शहरं आणि त्यांच्यातला जवळचा रस्ता. छापलं मात्र १९५९ मध्ये, तेही जेमतेम तीन पानांत. १९५७ मध्ये लग्नाच्या फॉर्मवर धंदा म्हणून 'प्रोग्रामर' लिहिलं तर नोंदणीवाले म्हणाले, असा धंदाच नसतो. शेवटी 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' लिहावं लागलं. पुढे १९७२ चं ट्यूरिंग पारितोषिक, कॉम्प्युटरवाल्यांचा सगळ्यात मोठा मान, मिळालं, पण टिपणं तो शेवटपर्यंत शाईपेननं लिहायचा, तेराशेच्या वर लिहिली. हे ऐकल्यावर माझ्या मनात त्याच्याबद्दल आदर वाढला.

शेवटी कात्री घ्या. श्रावणात तांडा आणि बंधाऱ्यामधला नाला भरतो, म्हणून ती सुतळी कापा आणि पुन्हा उचला. शाळा १०५ सेंटीमीटरवर सुटते आणि वाट साफ बदलते: पोस्ट, मारुती, बंधारा, शाळा. २१ मिनिटं.

माझी नेहमीची वाट हीच होती, बारा महिने. नातीनं लगेच हिशोब मांडला, "आबाजी, उन्हाळ्या-हिवाळ्यात तुम्ही रोज एक मिनिट वाया घालवत होते."

असेल. बंधाऱ्याच्या वाटेवर एक बोराचं झाड होतं, ते आम्ही सुतळीत धरलं नव्हतं.